विश्लेषण : माळ्यावरच्या काचेच्या वस्तूवर सही सापडली… निर्माता नेमका कोण, हे कसे ओळखायचे?

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावात दिवाळीची आवराआवर निघाली की, जुन्या घरांच्या माळ्यावरून काय काय खाली येते. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची फुलदाणी, अत्तरदाणी, हंडी. एखाद्या वस्तूच्या तळाशी पुसट इंग्रजी अक्षरे दिसतात. दारावर आलेला जुन्या वस्तूंचा खरेदीदार काही शे रुपये सांगतो, तर मोबाइलवर त्याच नावाची वस्तू लाखांना दिसते. हे दोन्ही आकडे चुकीचे असू शकतात. म्हणूनच भाव ठरवण्याआधी ती सही वाचता यायला हवी.

सही किती प्रकारची असते?

काही सह्या हिऱ्याच्या टोकाने किंवा चाकावर कोरलेल्या असतात. काही आम्लाने उमटवलेल्या असतात. त्या धुरकट दिसतात. काही अक्षरे साच्यातूनच उठावाने येतात. ती बहुतेकदा कारखान्याची खूण असते, कलावंताची सही नव्हे. इटलीतील मुरानोच्या अनेक वस्तूंवर केवळ कागदी लेबल असे. ते निघून गेले की वस्तू ‘बिनसहीची’ होते. त्यामुळे सही नसलेली प्रत्येक वस्तू सामान्य ठरत नाही.

सहीवरून काळ कसा कळतो?

फ्रान्सच्या रेने लालीक यांचे निधन १९४५ मध्ये झाले. त्यांच्या हयातीतील वस्तूंवर साधारणपणे नावाआधी ‘आर’ हे अक्षर आढळते; नंतरच्या वस्तूंवर ते नसते. जुन्या वस्तूला जास्त भाव मिळतो, म्हणून नंतरच्या वस्तूवर ‘आर’ कोरण्याचे प्रकार घडले आहेत. एमिल गाले यांचे निधन १९०४ चे. त्यानंतर काही वर्षे त्यांच्या कारखान्याच्या मालावर नावाशेजारी चांदणी दिसते. ‘बाकारा’ने आम्लाची खूण नियमित उमटवायला सुरुवात केली ती १९३६ पासून.

देशाचे नावही बोलके असते. चेकोस्लोव्हाकिया हा देश १९१८ ते १९९२ एवढाच काळ अस्तित्वात होता. तळाशी ते नाव असेल, तर ‘पणजोबांनी १९०० साली आणली’ ही आठवण तपासून पाहावी लागते.

बनावट सही कशी ओळखायची?

भिंग आणि मोबाइलची बॅटरी एवढे पुरते. प्रकाश तिरका पाडावा आणि मागे काळा कागद धरावा. वस्तू वर्षानुवर्षे फडताळात सरकवली गेली असेल, तर जिथे तळ टेकतो तिथे बारीक, वाटेल तशा दिशांचे ओरखडे पडतात. सही त्याच भागात असेल, तर ते ओरखडे अक्षरांवरून गेलेले दिसायला हवेत. उलट अक्षरेच ओरखडे कापून गेली असतील, तर सही नंतर कोरलेली असण्याची शक्यता मोठी.

रुमानियात गाले यांच्या धाटणीची फुलदाणी आजही बनते. तिच्यावर ‘टिप गाले’ असे लिहिलेले असते. ‘टिप’ म्हणजे त्या पद्धतीची. ‘टिप’ हा शब्द घासून काढला की उरते ती केवळ ‘गाले’ ही सही. त्यामुळे नावाशेजारची काच खरवडलेली किंवा खोलगट लागते का, हे बोटाने चाचपून पाहावे.

नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली काच हिरवीगार चमकली, तर तिच्यात युरेनियम असू शकते. त्यावरून काचेचा प्रकार कळतो, निर्माता नाही.

आपल्याकडच्या काचेचे काय?

महाराष्ट्रातही काच बनत होती. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना १९१६ चा. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. मात्र कंदिलाची काच फुटली की बाजारातून दुसरी आणून बसवली जाई. त्यामुळे सांगाड्यावरचे नाव आणि काचेचा निर्माता एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही. दोन्हींवरच्या खुणा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

विकण्याआधी काय करावे?

वस्तू घासू नये. आम्ल किंवा भांड्यांची पावडर लावली, तर सोनेरी काम आणि पुसट खूण दोन्ही जातात. पूर्ण वस्तू, तळ, कड आणि सही यांची छायाचित्रे घ्यावीत. मापासाठी शेजारी नाणे ठेवावे. मग संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचींमधील नोंदींशी सहीचे वळण, आकार आणि काचेचा रंग असे तिन्ही ताडून पाहावेत. अमेरिकेतील कॉर्निंग काच संग्रहालयाची सूची यासाठी उपयोगी आहे. केवळ सही जुळली आणि बाकी काहीच जुळले नाही, तर सावध व्हावे.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशातील ग्राहक मिळाला, तर वस्तू पुरावस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे. कुरिअरचा विचार त्यानंतर.

घरातला पुरावा कोणता?

जुनी पावती, मूळ खोके, लग्नातील आहेराची वही, दिवाणखान्यातले जुने छायाचित्र. वस्तू कोणी, कुठून, कधी आणली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. सही नंतरही कोरता येते. आहेराच्या वहीतली पन्नास वर्षांपूर्वीची नोंद मात्र सहजासहजी बनवता येत नाही.