वितरण फलक, घरगुती
घरात येणारी वीज दिवे, पंखे, जलतापक इत्यादींच्या स्वतंत्र मंडलांत विभागणाऱ्या व प्रत्येक मंडलाचे रक्षण करणाऱ्या पेटीस वितरण फलक म्हणतात. शहरांतील बहुमजली इमारतींत वीजमापक बहुधा तळमजल्यावर एकत्र बसवितात. त्यामुळे मापक व वरच्या मजल्यावरील फलक यांमध्ये बरीच लांब केबल टाकावी लागते. या केबलीत मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) झाल्यास फलकातील खंडक निरुपयोगी ठरतो, कारण दोष त्याच्या अलीकडे असतो. म्हणून मापकाजवळच द्विध्रुवी स्विच आणि केबलीच्या क्षमतेस अनुरूप वितळतार वा खंडक बसवितात. येथे उच्च क्षमतेची बंदिस्त वितळतार पुष्कळदा बरी. कारण एकामागे एक जोडलेले दोन खंडक मोठ्या दोषप्रवाहाने बरोबरच उघडू शकतात आणि मग एका खोलीतील दोषापायी सारे घर अंधारात जाऊन जिना उतरावा लागतो.

लांबीमुळे विद्युत् दाबही घटतो. ३० मी. अंतरासाठी प्रवाहाचा मार्ग जाऊन-येऊन ६० मी. होतो. ३० अँपिअर प्रवाह असताना २३० व्होल्टांपैकी ४ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेत सु. ८ व्होल्ट, तर १० चौ. मिमी. तारेत सु. ३ व्होल्ट खर्ची पडतात. बारीक तारेत भूदोषाचा प्रवाहही कमी पडून वितळतार उशिरा वितळते. याकरिता केबलीबरोबर स्वतंत्र भूसंपर्क तार फलकापर्यंत नेणे आवश्यक असते. नळास भूसंपर्क जोडण्याची जुनी रीत धोक्याची आहे. नळमार्गात प्लॅस्टिकचा एखादा तुकडा आला, तरी तो संपर्क तुटतो. फलकात ३० मिलिअँपिअर गळतीला उघडणारा खंडक माणसाचे रक्षण करतो. मापकाजवळ तसाच दुसरा बसविल्यास तो विलंबाने उघडणारा असावा.