दप्तरात सापडलेलं माहेर

उत्तर इटलीत पार्माच्या मुलखात बुस्सेतो नावाचं गाव आहे आणि त्याच्या शेजारी रोंकोले नावाची वाडी. १८१३च्या ऑक्टोबरमध्ये या वाडीतल्या एका खाणावळवाल्याला मुलगा झाला. ११ तारखेला तिथल्या सान मिकेले चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला आणि पाद्र्याने वहीत लॅटिन नाव चढवलं: योसेफुस फोर्तुनिनुस फ्रान्सिस्कुस. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप बुस्सेतोच्या सरकारी कचेरीत हजर झाला. मुलूख तेव्हा नेपोलियनच्या अमलाखाली होता आणि कारभार फ्रेंचमध्ये चाले. तिथल्या दप्तरात तेच पोर जोसेफ फोर्तुनँ फ्रांस्वा म्हणून दाखल झालं. पुढे जगाने त्याला ज्युझेप्पे व्हेर्दी म्हणून ओळखलं.

पाद्र्याच्या नोंदीत मूल ‘काल जन्मलं’ असं आहे. म्हणजे १० तारीख धरायची? तेही ठामपणे म्हणता येत नाही, कारण दिवस सूर्यास्तापासून मोजायची रीत तेव्हा रूढ होती. ९ तारखेची रात्र या हिशेबात १० तारखेतच जमा होई. आईच्या सांगण्याप्रमाणे मुलगा ९ तारखेचा, आणि व्हेर्दीने जन्मभर वाढदिवस ९ ऑक्टोबरलाच साजरा केला.

या नोंदींतली आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने थांबून पाहावी अशी आहे. आईचं नाव लुइजा उत्तिनी, धंदा सूत कातण्याचा. लग्न होऊनही ती दप्तरात ‘व्हेर्दीची बायको’ एवढीच उरलेली नाही. तिचं आडनाव तिच्या बापाचं आहे आणि तिच्या मृत्यूच्या नोंदीपर्यंत ते तसंच राहणार आहे. इटलीत पूर्वजांचा शोध घेणारे अठराव्या, सतराव्या शतकापर्यंत सहज पोहोचतात, त्याचं मोठं श्रेय या रीतीला जातं. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगा, नातू, पणतू अशी ओळ सरळ चालते आणि सुना कुठून आल्या हे बहुतेक वेळा तिथेच अडतं. इटलीच्या वहीत प्रत्येक सुनेचं माहेर लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक पिढीत शोधाला दोन वाटा फुटतात.

या वह्या सुरू झाल्या त्या कुणाच्या वंशावळीसाठी नव्हेत. सोळाव्या शतकात चर्चला चोरून केलेल्या लग्नांनी हैराण केलं होतं. मुलगा-मुलीने एकमेकांना वचन दिलं की लग्न झालं, असं मानलं जाई; पुढे एकाने कानांवर हात ठेवले की दुसऱ्याकडे पुरावा नसे. ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३च्या नोव्हेंबरमध्ये नियम केला की लग्न गावच्या पाद्र्यासमोर, दोन साक्षीदारांसमक्ष लागलं पाहिजे आणि वहीत लिहिलं गेलं पाहिजे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममाता-धर्मपिता लिहायचे, कारण त्या नात्यानेही सोयरिकीला अडसर येई. चौथ्या पिढीपर्यंतच्या भावकीत लग्नाला मनाई होती, तेव्हा कोण कुणाचा चुलतभाऊ हे पाद्र्याला ठाऊक असणं भागच होतं. १६१४ साली रोमने याला पक्का साचा दिला आणि त्यात मृत्यूच्या वहीबरोबर ‘आत्म्यांची स्थिती’ नावाची वहीही आली. ईस्टरच्या सुमारास पाद्री घरोघर फिरून माणसं, त्यांची वयं आणि धर्मविधी झाले की नाहीत हे लिहून घेई. एका छपराखाली आजी, विधवा आत्या, मुलं, नोकर कोण कोण राहत होतं, हे या वहीइतकं दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

काही गावांनी ट्रेंटची वाटही पाहिली नव्हती. फ्रिउली प्रांतातल्या जेमोनाची बाप्तिस्म्याची वही १३७९ सालची आहे, इटलीतल्या सर्वांत जुन्या वह्यांपैकी एक. फ्लॉरेन्समध्ये अशा वह्या १४५०पासून मिळतात. त्याआधी तिथला पाद्री मुलग्यासाठी काळा आणि मुलीसाठी पांढरा घेवडा बाजूला टाकून वर्षाची मोजदाद करत असे, असं चौदाव्या शतकातला इतिहासकार जोव्हान्नी व्हिल्लानी याने लिहून ठेवलं आहे.

ट्रेंटचा हाच नियम गोव्यातही पोहोचला. १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि तिथल्या चर्चमध्येही बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या वह्या रुजल्या. त्यातल्या अनेक आज पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. १९ डिसेंबर १९६१पूर्वीचा आपला किंवा आईवडिलांचा जन्म लिस्बनच्या दप्तरात चढवून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ पाहणाऱ्या गोवेकरांची धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इटलीची कहाणी परकी वाटणार नाही.

सरकारी वह्या नेपोलियनने आणल्या. त्याला सैन्यभरतीसाठी वीस वर्षांचे मुलगे हवे होते आणि पाद्र्याच्या वहीवर विसंबायचं नव्हतं. दक्षिणेत, नेपल्सच्या राज्यात, १ जानेवारी १८०९ला नागरी नोंदणी सुरू झाली, सिसिलीत १८२०मध्ये. नेपोलियन गेला, बूर्बोन राजे परतले, पण दक्षिणेने ही पद्धत सोडली नाही. उत्तरेत मात्र बऱ्याच ठिकाणी १८१५नंतर काम पुन्हा चर्चकडे गेलं. एकीकरणानंतर १ जानेवारी १८६६पासून नव्या राज्याची नोंदणी सुरू झाली आणि व्हेनेतोला तर ती १८७१ साली मिळाली. म्हणून ज्याचे पूर्वज नेपल्सच्या डोंगरातले, त्याला सरकारी दप्तरातच सहा-सात पिढ्या मिळू शकतात. ज्याचे व्हेनेतोतले, त्याला १८७१च्या आधीसाठी गावच्या पाद्र्याला अदबीने पत्र लिहावं लागतं.

दक्षिणेतली जन्माची एक नोंद जवळून पाहावी. छापील फॉर्मच्या रिकाम्या जागा कारकुनाने भरलेल्या असतात. अमुक दिवशी, अमुक तासाला, गावच्या महापौरासमोर अमुक वयाचा शेतमजूर हजर झाला. अमुक गल्लीत राहतो. त्याने मूल प्रत्यक्ष ‘दाखवलं’ आणि आपल्या अमुक नावाच्या, अमुक वयाच्या बायकोपासून झालं असं सांगितलं. खाली दोन साक्षीदार, धंद्यासह. शेवटी वाचून दाखवल्याचा उल्लेख आणि बापाला लिहिता येत नसल्याने त्याची सही नसल्याची कबुली. बूर्बोन काळात पानाच्या उजव्या रकान्यात पाद्र्याकडून आलेली बाप्तिस्म्याची तारीख असते. बाप हयात नसेल, परगावी असेल तर मूल घेऊन येते ती बहुधा सुईण. त्यामुळे एका गावाची वीस-तीस वर्षांची पानं चाळली की गावच्या सुईणीचं नाव वाचकाच्या ओळखीचं होऊन जातं. मृत्यूच्या नोंदी त्या मानाने कोरड्या, कारण मरणाचं कारण त्यात सहसा नसतं. कॉलऱ्याची साथ शोधायची तर एका आठवड्यात किती पानं उलटावी लागतात यावरूनच ताडावं लागतं.

पण खरा खजिना आहे लग्नाच्या पुरवणी कागदांचा. दक्षिणेत त्यांना ‘प्रोचेस्सेत्ती’ म्हणतात. वर-वधूला जन्माचे दाखले जोडावे लागत. संमती देणारा बाप हयात नसेल तर त्याच्या मृत्यूचा दाखला. मग संमतीचा अधिकार आजोबांकडे जाई. तेही नसतील तर त्यांच्या मृत्यूचा. नवरा विधुर असेल तर पहिल्या बायकोच्या मृत्यूचा. परिणाम असा की १८२०च्या सुमाराचं लग्न असलं तरी त्या जुडग्यात अठराव्या शतकात वारलेल्या आजोबांचा कागद सापडतो, चर्चच्या वहीवरून उतरवून घेतलेला. पुढे ती मूळ वही आगीत किंवा भूकंपात गेली, तरी नक्कल शाबूत. वंशावळ शोधणाऱ्या अनुभवी माणसाला ‘एकच कागद निवड’ म्हटलं, तर तो हे जुडगंच निवडेल.

या कागदांत एक बारीक खूण फार कामाची. नावापुढे ‘दी’ आणि बापाचं नाव असेल तर बाप जिवंत आहे. ‘फू’ असेल तर कैलासवासी. एका गावात एकाच नावाचे चार-पाच चुलतभाऊ असणं नेहमीचं, कारण पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, ही चाल जवळजवळ सगळीकडे होती. १८३५मध्ये ‘दी’ आणि १८३८मध्ये ‘फू’ दिसला, तर मधल्या तीन वर्षांतच मृत्यूची नोंद शोधायची. व्हेनिसजवळच्या किओज्जात तर निम्मं गाव बोस्कोलो आणि त्योझ्झो या दोन आडनावांचं वाटावं अशी स्थिती आहे. म्हणून तिथे घराण्यांची टोपणनावं सरकारी कागदावरही चढली.

आईचं नाव नेहमीच सहज मिळतं असं मात्र नाही. लिओनार्दो दा व्हिंचीचा जन्म त्याच्या आजोबांनी, आंतोनियोंनी, घरच्या वहीत स्वतः टिपला: १५ एप्रिल १४५२, शनिवार, रात्रीचा तिसरा तास. बाप्तिस्मा कुणी दिला, कोण हजर होतं, सगळं आहे. आई नाही. मूल लग्नाबाहेरचं होतं. आई सापडते ती करखात्याच्या कागदात. १४५७च्या विवरणात आंतोनियोंना घरातली माणसं दाखवायची होती. त्यात पाच वर्षांचा लिओनार्दो आहे आणि तो आंतोनियोंचा मुलगा पिएरो याच्यापासून व कातेरिनापासून झाला, ती आता आक्कात्ताब्रिगा नावाच्या माणसाची बायको आहे, असं लिहिलं आहे. ही कातेरिना कोण, यावर आजही वाद चालू आहे. २०१७मध्ये मार्टिन केम्प आणि ज्युझेप्पे पाल्लांती यांनी स्थानिक कागदांच्या आधारे ती व्हिंचीतली एक पोरकी मुलगी असल्याचं मांडलं. २०२३मध्ये कार्लो व्हेच्चे यांनी फ्लॉरेन्सच्या अभिलेखागारातला १४५२च्या नोव्हेंबरमधला एक दस्त पुढे आणला. कातेरिना नावाच्या सर्केशियन गुलाम बाईच्या मुक्ततेचा तो दस्त खुद्द पिएरोच्या हातचा आहे. ती हीच, असं व्हेच्चेंचं म्हणणं. सर्वांना ते पटलेलं नाही.

टाकलेल्या मुलांच्या वह्या वाचणं सर्वांत जड जातं. फ्लॉरेन्सच्या ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती या अनाथालयात पहिलं मूल आलं ५ फेब्रुवारी १४४५ला. मुलगी होती, तिचं नाव आगाता स्मेराल्दा ठेवलं गेलं. कपडे कसे होते, गळ्यात काय होतं, हे तिथले कारकून बारकाईने लिहीत. काही आया अर्धं मोडलेलं पदक मुलाबरोबर ठेवत, उरलेलं अर्धं आपल्याजवळ, परत न्यायला येता आलं तर ओळख पटावी म्हणून. नेपल्सच्या आन्नुंत्सियाता अनाथालयाच्या भिंतीत फिरतं लाकडी पिंप होतं; बाहेरून मूल ठेवायचं, आतून ते फिरवून घ्यायचं. ते १८७५मध्ये बंद झालं. तिथल्या मुलांचं आडनाव एस्पोझितो, मिलानच्या मुलांचं कोलोंबो. वंशावळ अशा आडनावाशी येऊन थांबते तेव्हा पुढचं दार चर्चचं नसून अनाथालयाच्या दप्तराचं असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पहिल्या महायुद्धापर्यंत एक कोटीहून अधिक इटालियन देशाबाहेर गेले, मुख्यतः अमेरिका, अर्जेंटिना आणि ब्राझीलला. त्यांच्या पणतवंडांची पहिली अडचण गावाची. घरात सांगितलं जातं ‘आम्ही नेपल्सचे’, आणि खरं गाव निघतं डोंगरातलं. नोंदी मात्र गावच्या नगरपालिकेत, म्हणजे कोमूनेतच असतात. ‘एलिस आयलंडवरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं’ ही समजूत अमेरिकेत घट्ट आहे; प्रत्यक्षात प्रवाशांच्या याद्या नेपल्स, जेनोआ अशा निघायच्या बंदरावरच तयार होत आणि आडनावं बहुधा नंतर, शाळेत, कामावर, माणसांनी स्वतःच बदलली. गाव कळत नसेल तर सैन्यभरतीच्या याद्या उपयोगी पडतात. त्यांत वीस वर्षांच्या मुलाची उंची, केसांचा रंग, धंदा आणि आईबापांची नावंही मिळतात.

प्रत्येक सरकारी वहीच्या दोन प्रती होत: एक कोमूनेत, एक न्यायालयामार्फत पुढे अभिलेखागारात. या दूरदृष्टीने खूप वाचवलं. २८ डिसेंबर १९०८च्या मेस्सिना भूकंपाने चर्च आणि कचेऱ्या दोन्ही गिळल्या. ३० सप्टेंबर १९४३ला माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांनी नेपल्सच्या अभिलेखागाराचा सुरक्षिततेसाठी हलवलेला ऐवज सान पाओलो बेल्सितो इथे जाळला. त्यात अँजेव्हिन राजांच्या वह्या गेल्या, ज्यांची दुसरी प्रत नव्हती. उरलेल्यांतलं बरंच काही २०११पासून ‘आंतेनाती’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. बहुतेक वह्यांना नावानिशी शोध नाही, त्यामुळे वर्षअखेरची सूची काढून पानामागून पान उलटावं लागतं.

हा शोध २०२५पर्यंत छंदापलीकडे गेला होता. इटलीच्या राज्याची घोषणा झाली १७ मार्च १८६१ला. त्यानंतर हयात असलेला एक पूर्वज सिद्ध केला की वंशज नागरिकत्व मागू शकत असे, पिढ्यांची मर्यादा नव्हती. मराठवाड्यात २०२३पासून न्या. संदीप शिंदे समितीच्या कामामुळे कुणबी नोंदीसाठी कोतवाल बुकं, शाळेची रजिस्टरं आणि मोडी दप्तरं कशी उलटीपालटी झाली ते आपण पाहिलं आहे. जुन्या वहीतल्या एका ओळीला अचानक एवढं वजन येतं. इटलीतल्या लहान कोमूने नागरिकत्वाच्या अर्जांखाली दबल्या. बेलुनो प्रांतातल्या वाल दी झोल्दोच्या महापौरांनी तर निषेध म्हणून ब्राझीलचा झेंडा लावला. शंभर वर्षांहून जुन्या दाखल्यासाठी ३०० युरोपर्यंत शुल्क घ्यायची मुभा कोमूनेंना मिळाली. आणि २८ मार्च २०२५ला सरकारने वटहुकूम काढून, मे महिन्यात कायदा करून, वंशाचा हक्क आईबाप किंवा आजी-आजोबांपर्यंत मर्यादित केला, तोही अटींसह.

या सगळ्यात बाईची बाजू लंगडीच होती. वहीने तिचं आडनाव चारशे वर्षं जपलं, पण १९१२च्या नागरिकत्व कायद्याने तिला स्वतःचं नागरिकत्व मुलाला द्यायची मुभा ठेवली नाही. प्रजासत्ताकाची घटना अमलात आली १ जानेवारी १९४८ला, म्हणून त्याआधी जन्मलेल्यांना आईकडून हक्क नाही, असं कचेऱ्या सांगत राहिल्या. २००९मध्ये कासात्सियोने या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच्या आयांचाही हक्क मान्य केला, तरी कचेऱ्यांनी दार उघडलं नाही. प्रत्येक कुटुंबाला न्यायालयातच जावं लागलं. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावापाठोपाठ आईचं नाव आलं. तिचं माहेरचं आडनाव मात्र त्या क्रमात नाही. इटलीत २७ मार्च २०२५पर्यंत दाखल झालेले दावे जुन्या नियमानेच चालणार आहेत. त्यासाठी पणजीच्या जन्माची, लग्नाची आणि मृत्यूची नक्कल कोमूनेतून काढून आणायची, आणि तिन्हींवर तिचं आडनाव एकच आहे हे न्यायाधीशापुढे दाखवायचं, असं काम वकील आजही करत आहेत.