एक वाटी बेदाणे म्हणजे किती ग्रॅम?

पाककृतीत ‘१ वाटी बेदाणे’ असे लिहिलेले असते. वाणी मात्र ग्रॅमने तोलून देतो. मग किती मागावेत?

वाटीत बेदाण्यांबरोबर मधल्या फटींतली हवाही मावते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार सुमारे २३७ मिलिलिटरच्या कपात सैल भरलेले बेदाणे १४५ ग्रॅम, तर दाबून भरलेले १६५ ग्रॅम बसतात. म्हणजे सैल बेदाणे मिलिलिटरला सुमारे ०.६ ग्रॅम.

आता घरची वाटी पाण्याने काठोकाठ भरून तोला. रिकाम्या वाटीचे वजन वजा करा. उरतील तितके ग्रॅम, तितकेच मिलिलिटर वाटीचे आकारमान. त्याला ०.६ ने गुणा. वाटी १५० मिलिलिटरची असेल, तर ९० ग्रॅम बेदाणे पुरेत.

खारकेच्या तुकड्यांसाठी मात्र गुणक नव्याने काढा; तुकड्यांचा आकार बदलला, की फटीही बदलतात.