बोनस बेट आणि जॅकपॉट : विकणाऱ्याला ठाऊक असावे असे गणित

मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांची तिकिटे विकणारे, हॉटेलांच्या स्वागतकक्षात पॅकेज समजावून सांगणारे आणि दूरध्वनीवरून पर्यटकांच्या शंकांना उत्तरे देणारे बहुतेक कर्मचारी तरुण आहेत आणि त्यांपैकी बरेच याच मातीतले आहेत. त्यांची स्थिती काहीशी चमत्कारिक आहे. राज्य सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत जुगार खेळण्यास मनाई केली. त्यामुळे जो खेळ आपण खेळू शकत नाही, तोच खेळ दुसऱ्याला समजावून सांगण्याचे काम या तरुणांकडे येते. साहजिकच त्यांचे ज्ञान बव्हंशी ऐकीव असते, आणि ऐकीव ज्ञानात जॅकपॉटचा आकडा जितका ठळक असतो तितके त्यामागील गणित ठळक नसते.

गोव्यातील या व्यवसायाचा पाया १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात आहे. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ सुरू होण्याचा मार्ग मोकळा झाला. कॅसिनो असावेत की नसावेत, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि पुढेही चालेल. या लेखाचा विषय तो नाही. ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी त्याला खरे काय ते सांगता यावे, एवढ्यापुरताच हा प्रपंच आहे.

प्रथम ‘हाउस एज’

कॅसिनो ग्राहकाशी लबाडी करून पैसा कमावतो, हा समज चुकीचा आहे. त्याला त्याची गरजच नसते. खेळ जिंकण्याची शक्यता आणि जिंकल्यावर मिळणारी रक्कम यांत तो थोडेसे अंतर ठेवतो. त्या अंतराला ‘हाउस एज’ म्हणतात. मराठीत त्याला ‘घराचा वाटा’ म्हणता येईल.

रूलेटचे उदाहरण सर्वांत सोपे. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरे असतात. एका आकड्यावर लावलेली पैज लागली तर एकास पस्तीस या दराने पैसे मिळतात. कोणी प्रत्येक घरावर १०० रुपये लावले, तर ३,७०० रुपये टेबलावर जातील आणि लागलेल्या घराचे ३,५०० अधिक मूळचे १०० असे ३,६०० रुपये परत येतील. उरलेले १०० रुपये हा घराचा वाटा. तो २.७० टक्के होतो. चाकावर दोन शून्ये असतील तर हाच वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो. रंग तोच, आवाज तोच, टेबलही तसेच. केवळ एका जादा घराने वाटा जवळजवळ दुप्पट होतो.

येथे भाषेची एक गफलत टाळली पाहिजे. ‘एकास चाळीस’ याचा अर्थ जिंकलेले ४० आणि आपला मूळचा १, असे ४१ हातात येतात. काही तक्त्यांवर मात्र मूळ पैज धरूनच आकडा छापलेला असतो. तेथे ४० म्हणजे एकूण ४०. ग्राहकाला दर सांगताना यांपैकी कोणता अर्थ आहे, हे आधी विचारून घ्यावे.

बोनस बेट म्हणजे काय?

टेबलावरील मुख्य खेळ डीलरविरुद्ध चालू असताना, त्याच पानांवर वेगळी पैज लावण्याची जी सोय असते ती बोनस बेट किंवा साइड बेट. मुख्य खेळात कोण जिंकले यापेक्षा आपल्या हातात अमुक प्रकारची पाने आली का, यावर तिचा निकाल ठरतो. कॅसिनोच्या दृष्टीने तिचा लाभ उघड आहे. टेबल तेच, डीलर तोच, वेळ तेवढाच. पण प्रत्येक डावात जास्त पैसा फिरतो आणि त्या जादा पैशावर घराचा वाटा मुख्य खेळापेक्षा बहुधा मोठा असतो.

थ्री कार्ड पोकरमधील ‘पेअर प्लस’ ही या जातीची प्रसिद्ध पैज. आपल्याकडील तीन पत्ती खेळणाऱ्याला ती लगेच कळते, कारण पाने तीनच आणि जोड्याही त्याच. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत एकाच रंगाच्या क्रमवार पानांचे, म्हणजे प्युअर सिक्वेन्सचे, ४८ प्रकार आहेत. तीन सारख्या पानांचे, म्हणजे ट्रेलचे, ५२. साध्या क्रमाचे ७२०. एका रंगाचे १,०९६ आणि जोडीचे ३,७४४. उरलेल्या १६,४४० प्रकारांत यांपैकी काहीच नसते, आणि तेव्हा पैज बुडते. म्हणजे चारांतील जवळपास तीन वेळा ग्राहक हरतो. (तीन पत्तीत ट्रेल सर्वांत मोठा मानतात, पण प्रत्यक्षात प्युअर सिक्वेन्स त्याहून दुर्मीळ आहे. म्हणूनच थ्री कार्ड पोकरमध्ये त्याला वरचे स्थान आहे.)

आता दर पाहू. प्युअर सिक्वेन्सला ४०, ट्रेलला ३०, क्रमाला ६, एका रंगाला ४ आणि जोडीला १ असा तक्ता असेल, तर घराचा वाटा २.३२ टक्के येतो. बोनस बेटमध्ये हा दर बराच उदार म्हणावा लागेल. परंतु याच तक्त्यात एका रंगाचा दर ४ ऐवजी ३ केला, बाकी सर्व तसेच ठेवले, तर वाटा ७.२८ टक्क्यांवर पोहोचतो. बदलला एकच आकडा, पण घराचा वाटा तिपटीहून अधिक झाला.

रुपयांत सांगायचे तर, तासाला ४० डाव आणि प्रत्येक डावात ५०० रुपयांची पैज धरली, तर तासाभरात २०,००० रुपये टेबलावर फिरतात. पहिल्या तक्त्यानुसार त्यातून सरासरी ४६३ रुपये जातील, दुसऱ्यानुसार १,४५५. एखाद्या संध्याकाळी ग्राहक जिंकेलही. सरासरी ही त्या एका संध्याकाळची हमी नव्हे. मात्र अनेक संध्याकाळींचा हिशेब याच आकड्याकडे सरकतो. म्हणूनच ‘बोनस बेट कोणती?’ या प्रश्नाइतकाच ‘तक्ता कोणता?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

विमा आणि बरोबरी

ब्लॅकजॅकमध्ये डीलरचे उघडे पान एक्का असेल तेव्हा ‘इन्शुरन्स’ घेणार का, असे विचारले जाते. शब्द विम्याचा असला तरी वस्तू विम्याची नाही. डीलरचे झाकलेले पान दहाच्या किमतीचे आहे, यावर लावलेली ती वेगळी पैज आहे आणि तिचा दर एकास दोन आहे. सहा गड्ड्यांच्या खेळात एक्का वगळता ३११ पाने उरतात आणि त्यांत दहाच्या किमतीची ९६ असतात. या हिशेबाने घराचा वाटा सुमारे ७.४ टक्के होतो. ग्राहकाला ‘विमा घ्या, सुरक्षित राहा’ असे सांगणे म्हणजे शब्दाच्या आधारे दिशाभूल करणे होय.

बॅकारात ‘बँकर’वरील पैजेत घराचा वाटा १.०६ टक्के आणि ‘प्लेयर’वरील पैजेत १.२४ टक्के असतो. याच टेबलावरील ‘टाय’, म्हणजे बरोबरीची पैज, एकास आठ दराने मिळते आणि तिच्यात घराचा वाटा १४.३६ टक्के असतो. एका हाताच्या अंतरावर असलेल्या दोन चौकटींत तेरापटींहून अधिक फरक आहे, आणि मोठा आकडा छापलेला असतो तो महागड्या चौकटीवर.

जॅकपॉटचा मीटर

टेबलाजवळच्या पडद्यावर सतत वाढत जाणारी जी रक्कम दिसते तो प्रोग्रेसिव्ह जॅकपॉट. ती कॅसिनोने दिलेली देणगी नसते. प्रत्येक जॅकपॉट बेटचा काही भाग मीटरमध्ये जातो, काही भाग पुढच्या जॅकपॉटच्या आरंभीच्या रकमेसाठी बाजूला ठेवता येतो आणि उरलेला घराकडे राहतो. थोडक्यात, ती रक्कम आधी हरलेल्यांच्या खिशातून आलेली असते.

पाच पानांच्या कॅरिबियन स्टड पोकरचा नमुना घेऊ. पाच पाने २५,९८,९६० प्रकारे येऊ शकतात. त्यांत रॉयल फ्लश चारच. म्हणजे शक्यता ६,४९,७४० डावांत एक. दररोज आठ तास, तासाला ४० डाव या गतीने कोणी एकही दिवस सुट्टी न घेता खेळला, तरी तेवढे डाव पूर्ण होण्यास साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल.

समजा जॅकपॉट बेट १०० रुपयांची आहे. रॉयल फ्लशला पूर्ण मीटर, स्ट्रेट फ्लशला मीटरच्या १० टक्के, चार सारख्या पानांना ५०,०००, फुल हाउसला १०,००० आणि फ्लशला ५,००० रुपये मिळतात. ठरीव बक्षिसांतून प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी ३६ रुपये परत येतात. मीटर एक कोटीवर असेल तर त्यातून आणखी २९ रुपये मिळतात. एकूण ६५. म्हणजे प्रत्येक शंभरातील सुमारे ३५ रुपये खेळणाऱ्याच्या हातून जातात. शंभराचे पुरते शंभर परत येण्यासाठी मीटर सुमारे २ कोटी १८ लाखांपर्यंत चढलेला असावा लागतो, आणि तोही कर न धरता. एक कोटीचा आकडा डोळ्यांत भरतो. पण या तक्त्यात तो अर्ध्या वाटेवरही पोहोचलेला नसतो.

आणखी एक अट विसरू नये. जॅकपॉट बेट एकटी लावता येत नाही. आधी मुख्य खेळाची पैज लावावी लागते. म्हणून ‘अवघ्या शंभर रुपयांत कोट्यधीश’ हे वाक्य अर्धसत्य आहे. त्या शंभरासोबत मुख्य टेबलाची किमान पैज प्रत्येक डावात पणाला लागते.

‘बरेच दिवस लागला नाही, आता लागायला आला आहे’ हे दुसरे वाक्यही टाळावे. पाने पिसली की मागचा इतिहास पुसला जातो. तीन पत्तीत ट्रेलची शक्यता ४२५ डावांत एक आहे. तरीही ४२५ डाव खेळून एकदाही ट्रेल न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. आणि इतके डाव रिकामे गेल्यावर पुढच्या डावातली शक्यता ४२५ त एक एवढीच राहते. मीटर वाढल्याने बक्षीस मोठे होते, नशीब जवळ येत नाही.

‘फुकट’ चिपची किंमत

पॅकेजसोबत एकदाच खेळता येणाऱ्या, रोख न होणाऱ्या चिप दिल्या जातात. हजार रुपयांची अशी चिप म्हणजे हजार रुपये, असे ग्राहक समजतो. या चिपचा सर्वसाधारण नियम असा, की पैज लागली तर जिंकलेली रक्कम मिळते. पण चिप स्वतः जिंकली तरी जाते आणि हरली तरी जाते. एक शून्याच्या रूलेटवर ती लाल रंगावर लावली, तर ३७ पैकी १८ वेळा हजार रुपये मिळतात. म्हणजे तिची खरी किंमत सुमारे ४८६ रुपये. पॅकेजची तुलना करणाऱ्या ग्राहकाला हा आकडा सांगणे हीच खरी विक्रीसेवा.

कर

कॅसिनोवरील जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप खरेदीसाठी भरलेल्या रकमेवर २८ टक्के झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. सांगितलेल्या दरात कर धरलेला आहे की वेगळा लागेल, हे तिकीट फाडण्याआधीच स्पष्ट करावे. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर लागतो आणि मोठ्या बक्षिसातून तो आधीच कापला जातो. एक कोटीचा जॅकपॉट लागलेल्याच्या हाती एक कोटी पडत नाहीत.

सांगावे ते, टाळावे ते

विक्री करणाऱ्याने चार गोष्टी नेहमी जवळ ठेवाव्यात : त्या दिवशी टेबलावर असलेला दरांचा तक्ता, टेबलाची किमान पैज, जॅकपॉटचे नियम आणि चिपच्या अटी. मुख्य डाव सोडून दिल्यास बोनस बेट बुडते का, एकाच वेळी दोघांना जॅकपॉट लागल्यास रक्कम विभागली जाते का, बक्षीस देण्यापूर्वी कोणती ओळखपत्रे तपासली जातात, हे व्यवस्थापनाला विचारून लिहून घ्यावे. ग्राहकाने विचारलेले आणि आपल्याला न येणारे उत्तर अंदाजाने देऊ नये. टेबलावर जाऊन ते विचारण्यास सांगावे. २१ वर्षांखालील व्यक्तीला खेळण्याचे आमिष कोणत्याही शब्दांत दाखवू नये.

‘खात्रीने’, ‘हमखास’, ‘गेलेले वसूल होतील’ हे शब्द विक्रीच्या बोलीतून काढून टाकावेत. हरलेला माणूस तेच ऐकण्यासाठी आतुर असतो, आणि तोच त्यामुळे सर्वाधिक बुडतो. उधार घेऊन आलेला, पुन्हा पुन्हा पैसे काढणारा किंवा घरच्यांपासून लपवून खेळणारा ग्राहक दिसला, तर त्याला आणखी एक पॅकेज विकणे हे त्या दिवसाचे उद्दिष्ट पूर्ण करील. पण तो सौदा माणुसकीचा ठरणार नाही. अशांसाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा उपलब्ध आहे. तो क्रमांक तिकीट खिडकीवर लिहिलेला असण्यास हरकत नसावी.

बोनस बेट हा करमणुकीचा खर्च आहे, उत्पन्नाचे साधन नाही, एवढे ग्राहकाला उमगले तर तो पैसे बेताने खर्च करील आणि पुढच्या वर्षी सहकुटुंब पुन्हा गोव्यात येईल. खोट्या आशेवर बसवलेला ग्राहक मात्र त्या रात्रीपुरताच असतो. जाताना तो कॅसिनोचे नाव फारसे काढत नाही. ‘गोव्यात फसवले’ असे सांगत फिरतो. त्या एका वाक्याची किंमत टॅक्सीवाल्यापासून खानावळवाल्यापर्यंत सगळ्यांना मोजावी लागते.