कृष्णवर्णीयांचा इतिहास, दलित पँथर आणि पोलीस उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रस्तावना :
एखाद्या समाजाच्या इतिहासाचे गौरवाने स्मरण करणे आणि त्या समाजास वर्तमानात न्याय मिळणे या दोन भिन्न बाबी आहेत. अमेरिकेत इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. १९७६ पासून तो महिनाभर पाळला जाऊ लागला. तरीही २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांना प्राण गमवावे लागले. स्मरण आणि न्याय यांतील हे अंतर मध्य मुंबईच्या इतिहासातही आढळते.

दोन चळवळींचा अनुबंध :
१९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघास सादर केलेल्या निवेदनाची प्रत मागविली होती. १९६६ मध्ये ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. पोलिसी अत्याचार थांबविणे ही त्याच्या दहाकलमी कार्यक्रमातील एक मागणी होती. त्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तिचे प्रमुख नेते होत. वर्ण आणि जात एकरूप नाहीत. वर्ण कातडीवर दिसतो. जात मात्र आडनावावरून, चाळीवरून, वस्तीवरून ओळखली जाते.

वरळी व परळ, १९७४ :
जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. पँथरने तीवर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीस वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील सभेनंतर दंगल उसळली व पोलीस गोळीबारात रमेश देवरूखकर मृत्युमुखी पडले. १० जानेवारीस परळ येथे मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव यांचा बळी घेतला. शासनाने न्या. भस्मे आयोग नेमला.

चौकशी आणि उत्तरदायित्व :
येथे मूलभूत अडचण कायद्याच्या रचनेत आहे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यान्वये नेमलेला आयोग तथ्ये शोधतो व शिफारशी करतो. त्या शासनावर बंधनकारक नसतात आणि आयोग कोणासही शिक्षा देऊ शकत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण ठार झाले. तेथेही गुंडेवार आयोग नेमला गेला. परंतु संबंधित अधिकाऱ्यास सत्र न्यायालयात दोषी ठरविले जाण्यास २००९ साल उजाडले.

प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणांसाठी सात निर्देश दिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हा त्यांपैकी एक होय. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्याची तरतूद केली. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच खात्याकडे तपास, ही विसंगती दूर करणे हा त्यामागील हेतू आहे.

निष्कर्ष :
दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्या दिवशी वाट दाखविणारा, गर्दी सांभाळणारा पोलीस आणि वस्तीत लाठी उगारणारा पोलीस एकाच व्यवस्थेचे घटक असतात. म्हणूनच अभिवादनाचा बंदोबस्त चोख ठेवणे पुरेसे नाही. वस्तीतील सामान्य माणसाची तक्रार पोलीस ठाण्यात निर्भयपणे नोंदविली जाणे आणि तिचा तपास स्वतंत्रपणे होणे, यातच इतिहासाच्या स्मरणाची सार्थकता आहे.