दुसरा आला आणि जिंकला!

दोस्तांनो, राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीकाठी नाटे नावाचं गाव आहे. यशवंतगडाचं गाव. आता अशी कल्पना करा, की कोकणातल्या अशाच एखाद्या गावात एक चिंचोळी वाट आहे. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांचे गडगे, आणि मधून जेमतेम एक सायकल जाईल एवढीच जागा. तीन मुलं एकामागे एक सायकली पळवताहेत. पहिला मुलगा अचानक गोगलगाईसारखा चालवायला लागतो. दुसऱ्याला पुढे जाता येत नाही. मागून तिसरा घंटी वाजवत अंगावर येतो. दुसऱ्याने घाई केली, तर गडग्यावर आपटणार!

तुम्ही म्हणाल, "पहिला नंबर असून हा हळू का चालवतोय? वेडा की काय?"

वेडा नाही, चांगला हुशार आहे. नाट्याच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या अरबी समुद्रापलीकडे, आखातातल्या अबू धाबीला, २७ नोव्हेंबर २०१६ रोजी नेमकं हेच घडलं. फक्त सायकलींच्या जागी फॉर्म्युला वनच्या मोटारी होत्या, आणि बक्षीस होतं जगज्जेतेपद.

एका अंगणात दोन चुली

लुईस हॅमिल्टन इंग्लंडचा, निको रोसबर्ग जर्मनीचा. दोघांचाही जन्म १९८५ सालचा. लहान मुलांच्या छोट्या मोटारींच्या, म्हणजे कार्टिंगच्या शर्यतींत दोघं एकाच संघात होते. चांगली गट्टीही होती. पुढे दोघं मर्सिडीज संघात पुन्हा एकत्र आले, आणि मैत्रीत मिठाचा खडा पडला. कारण सोपं होतं. गाडी दोघांची सारखीच, त्यामुळे हरल्यावर गाडीला दोष देता येत नाही. संघ एक, पण दोघांचे इंजिनिअर वेगळे, डावपेच वेगळे. एका अंगणात दोन चुलीच म्हणा ना!

२०१४ आणि २०१५ मध्ये हॅमिल्टन जगज्जेता झाला आणि रोसबर्ग दुसरा. २०१६ मध्ये स्पेनच्या शर्यतीत तर पहिल्याच फेरीत दोघं एकमेकांवर आदळून बाद झाले! मलेशियात हॅमिल्टन पहिला असताना त्याच्या इंजिनाने दगा दिला. जपाननंतर रोसबर्ग ३३ गुणांनी पुढे होता.

जरा पाटी-पेन्सिल घ्या

पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ आणि चौथ्याला १२. जपाननंतरच्या तिन्ही शर्यतींत हॅमिल्टन पहिला आणि रोसबर्ग दुसरा आला. म्हणजे दर वेळी फरक सातने घटला : ३३, २६, १९, १२. अबू धाबीला शेवटची शर्यत सुरू झाली, तेव्हा रोसबर्गचे गुण होते ३६७ आणि हॅमिल्टनचे ३५५.

आता हॅमिल्टन जिंकला तर त्याचे होणार ३८०. रोसबर्ग तिसरा आला तर त्याचे ३८२, पण चौथा आला तर ३७९! म्हणजे हॅमिल्टनला नुसतं जिंकून भागणार नव्हतं. आपला सोबती चौथा किंवा त्याहून मागे जायला हवा होता. आलं ना लक्षात, तो हळू का चालवत होता?

पंचावन्न फेऱ्यांचा घोर

शर्यत ५५ फेऱ्यांची. पहिल्या जागेवरून हॅमिल्टन सुटला, मागे रोसबर्ग. टायर बदलून रोसबर्ग परत आला, तर पुढे मॅक्स व्हर्स्टापेन! पहिल्या फेरीत गिरकी खाऊन मागे पडलेल्या मॅक्सने अजून टायर बदलले नव्हते. त्याच्यामागे अडकून राहिलं तर जगज्जेतेपद हातचं जाणार. आणि धडक बसली तर सगळंच संपलं! विसाव्या फेरीत रोसबर्गने धाडस केलं आणि तो पुढे निघाला. त्या दिवशी त्याने घेतलेली ही सर्वांत मोठी जोखीम.

मग सुरू झाला गडग्यामधला खेळ. शेवटच्या फेऱ्यांत हॅमिल्टन वेग कमी करू लागला, तोही विचार करून. सरळ रस्त्यावर मागच्या गाडीला पुढे जायला वाव मिळतो, म्हणून तिथे तो सुसाट जायचा. वळणावळणाच्या भागात मात्र संथ! फॉर्म्युला वनच्या गाड्यांना वारा रस्त्यावर दाबून धरतो. दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे गेलं, की वारा विस्कटतो, पकड सुटू लागते आणि टायर तापतात. रोसबर्ग असा कोंडीत सापडला. मागून सेबॅस्टियन व्हेटेल ताजे टायर घालून आला, आणि त्याच्यामागे पुन्हा व्हर्स्टापेन!

मर्सिडीजचे अधिकारी घाबरले. या खेळात व्हेटेलच शर्यत जिंकून गेला तर? रेडिओवरून हॅमिल्टनला वेग वाढवायला सांगण्यात आलं. त्याने ऐकलं नाही. मग संघाचे वरिष्ठ अधिकारी पॅडी लो स्वतः बोलले आणि हा हुकूम आहे, असं बजावलं. तरीही नाही! मी जगज्जेतेपद गमावतोय, ही शर्यत जिंकली काय नि हरली काय, मला फरक पडत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं.

रोसबर्ग काय करत होता? काहीच वेगळं नाही, आणि तेच सर्वांत कठीण होतं! पुढच्यावर चिडून उगाच घुसायचं नाही, मागच्याला फट ठेवायची नाही. फेरीमागून फेरी तो तसाच राहिला.

शेवटी हॅमिल्टन पहिला, रोसबर्ग दुसरा, व्हेटेल तिसरा, व्हर्स्टापेन चौथा. चौघंही दोन सेकंदांच्या आत! गुण ३८५ विरुद्ध ३८०. रोसबर्ग जगज्जेता झाला. १९८२ साली त्याचे वडील केके रोसबर्ग जगज्जेते झाले होते, त्यानंतर आता मुलगा.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पाचच दिवसांनी, २ डिसेंबरला, रोसबर्गने निवृत्ती जाहीर केली. वय अवघं ३१! या एका विजेतेपदासाठी त्याने इतकं काही पणाला लावलं होतं, की पुन्हा तसं वर्ष जगायची त्याची तयारी नव्हती.

तुम्हांला काय वाटतं?

हॅमिल्टनने कोणाला धडक दिली नाही, आणि पंचांनीही त्याला शिक्षा केली नाही. पण संघाचा हुकूम त्याने मोडला. काही जण म्हणाले, लढवय्या असाच हवा. काही म्हणाले, ज्यांनी वर्षभर खपून गाडी बनवली, त्यांचं ऐकायला हवं होतं. तुम्ही त्याच्या जागी असतात, तर काय केलं असतंत? आज रात्री जेवताना आई-बाबांनाही विचारा. घरात दोन पक्ष पडले, तर आश्चर्य मानू नका!

आणि हो, कधी तुमच्यापुढे कोणी मुद्दाम सायकल हळू चालवली, तर चिडण्याआधी रोसबर्गची आठवण काढा, बरं का!