इजिप्तला एमबीबीएस : बयाणा देण्याआधी एवढं तपासा

नीटचा निकाल लागला की बारामती-इंदापूरकडच्या पालकांचे फोन सुरू होतात. परवा इंदापूर तालुक्यातले एक वडील मुलीला घेऊन घरीच आले. "आपा, इजिप्तला एमबीबीएस होतं म्हणतात. एजंट आठ दिवसांत पैसे मागतोय. अर्धा एकर विकायला काढलंय." मी म्हटलं, "भाई, आधी पाणी घ्या. जमिनीचं नंतर बघू."

मुलगी नीटमध्ये पात्र होती, हे बरं झालं. "बाहेर नीट लागत नाही" असं कुणी सांगत असेल तर तिथूनच उठावं. पात्र नसताना बाहेरून डिग्री आणली तर भारतात डॉक्टरकी करता येत नाही. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो. खुल्या गटाला 50 पर्सेंटाइल लागतं, ओबीसीला 40. आपल्यातल्या बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार अशा कितीतरी घरांत हा दाखलाच काढलेला नसतो! आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघून, नॉन-क्रीमीलेअरसह दाखला फॉर्म भरायच्या आधीच काढून ठेवा.

खरी मेख पुढे आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2021चे नियम सांगतात की अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा. त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हायला हवी. आणि त्या डिग्रीवर त्या देशातही डॉक्टर म्हणून परवाना मिळायला हवा. एजंट हा शेवटचा मुद्दा सहसा काढत नाहीत. इजिप्तमध्ये आता पाच वर्षं शिक्षण आणि दोन वर्षं प्रशिक्षण असतं, म्हणजे खर्च सात वर्षांचा धरा. परतल्यावर इथली परीक्षाही द्यावी लागते. सध्या ती एफएमजीई आहे, 300 पैकी 150 गुण लागतात.

सगळं शिक्षण एकाच संस्थेत, हा नियम साधा वाटतो. पण एप्रिल 2023मध्ये सुदानात लढाई पेटली आणि 'ऑपरेशन कावेरी'त आपल्या लोकांना पोर्ट सुदानवरून जेद्दामार्गे आणावं लागलं. अशा वेळी अर्ध्यावर सुटलेलं शिक्षण दुसरीकडे जोडणं फार अवघड होतं. म्हणून फी स्वस्त दिसली तरी देशाची हालत बघावी.

अल-अझहरचं नाव ऐकलं की आपण लगेच विश्वास टाकतो. दहाव्या शतकातली संस्था आहे, इज्जत आहेच. पण तिथं मेडिकलसारख्या शाखा 1961च्या कायद्यानंतर आल्या. नाव कोणतंही असो, त्या कॉलेजकडून माध्यम, इंटर्नशिप आणि परवान्याबद्दल लेखी उत्तर घ्या, एजंटकडून नको. आणि कुरआन नाझरा झाला म्हणजे अरबी आली असं नाही. तिथला पेशंट इजिप्शियन बोलीत बोलणार. मुलीनं आत्तापासूनच ती शिकायला लागावं.

कागदांना वेळ लागतो. इजिप्त अपोस्टिल करारात नाही, त्यामुळे राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग इजिप्तचा दूतावास, असे तीन शिक्के लागतात. पैशाचं म्हणाल तर 'पढो परदेस' ही व्याज सवलतीची योजना 2022-23पासून बंद आहे. अजूनही तिच्या नावानं फॉर्म भरून घेणारे भेटतात. शिक्षण कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळात चौकशी करा.

त्या मुलीनं माझ्याच टेबलावर बसून कॉलेजला ईमेल लिहिला, तीन प्रश्नांचा. एजंटला निरोप गेलाय की उत्तर आल्याशिवाय बयाणा नाही. अर्धा एकर सध्या आहे तिथंच आहे, उसासकट.